तळटीप १७ : जीभ दाखवण्याची रीत

येथे उल्लेखलेली वसाहत म्हणजे गोठणगावजवळची नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत, स्थापना १९७२. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ पासून तो गोंदियात मोडतो. जुन्या वळणाचा तिबेटी माणूस आदराने किंचित वाकतो आणि जीभ बाहेर काढतो. नवव्या शतकातल्या लांगदर्मा या बौद्धद्वेष्ट्या राजाची जीभ काळी होती, असे म्हणतात. आपण त्याचा पुनर्जन्म नाही, हे दाखवण्यासाठी ही रीत पडली, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडे मात्र हे वेडावणे ठरते. म्हणून सरकारी कचेरीत दुभाष्याने नुसते बोलणे पोचवून भागत नाही. नोंदणी दाखल्याच्या नूतनीकरणासाठी आलेली म्हातारी नजर खाली ठेवून दोन्ही हातांनी कागद पुढे करते, तो मान देणे असतो. टेबलापलीकडच्या कारकुनाला त्यात लपवाछपवी दिसू शकते. दवाखान्यात तर फारच जपावे लागते. गोळ्या कशा घ्यायच्या हे ऐकताना हललेली मान डॉक्टरांचा मान राखण्यापुरतीही असेल. अशा वेळी दुभाष्याने डॉक्टरांना थांबवून रुग्णाकडून सगळे पुन्हा वदवून घ्यावे. हा आगाऊपणा नव्हे, त्याच्या कामाचाच भाग आहे, असे माझे ठाम मत आहे. — संपा.