दोन राजवाडे, दोन कोसंबी

ग्रंथकर्त्याचे नाव म्हणजे केवळ मुखपृष्ठाची शोभा नव्हे. ती त्याच्या कर्तृत्वाची खूण होय. ही खूण पुसट झाली म्हणजे एकाचे श्रम दुसऱ्याच्या खाती जमा होतात. या दृष्टीने आपल्याकडील दोन घराण्यांचे उदाहरण मोठे उद्बोधक आहे.

'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' १८९८ पासून प्रसिद्ध करणारे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३–१९२६) आणि यास्काच्या निरुक्ताचे मराठी भाषांतर करणारे वैजनाथ काशिनाथ राजवाडे हे सख्खे बंधू. मराठीत एक 'वि. का.', तर दुसरे 'वै. का.', वेलांटी आणि दोन मात्रा एवढ्यानेच दोघे निराळे राहतात. रोमन लिपीत मात्र दोघेही 'व्ही. के.' होतात. याचे कारण उघड आहे. आपले आद्याक्षर स्वर बरोबर घेऊन येते. रोमन आद्याक्षर तो मागे टाकून येते. मग विश्वनाथ, वैजनाथ, वासुदेव, विनायक ही सारी एका वर्णात विलीन होतात.

कोसंबी घराण्यात हा गुंता पिढ्यांचा आहे. गोव्यातील सांकवाळचे धर्मानंद दामोदर कोसंबी (१८७६–१९४७) हे बौद्ध वाङ्मयाचे थोर अभ्यासक. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या रीतीने त्यांचे पुत्र दामोदर धर्मानंद (१९०७–१९६६) झाले. मराठीत 'ध. दा.' आणि 'दा. ध.', रोमनमध्ये दोघेही 'डी. डी.'! हार्वर्ड प्राच्यमालेचा ४१ वा खंड 'विसुद्धिमग्ग' १९५० साली निघाला. वॉरन यांच्या संपादनावर त्यात अखेरचा हात फिरविणाऱ्या धर्मानंद कोसंबींचे नाव पूर्ण छापले आहे. १९५७ चा ४२ वा खंड 'सुभाषितरत्नकोश' डी. डी. कोसंबी आणि व्ही. व्ही. गोखले यांनी संपादिला. लागोपाठच्या दोन खंडांवर पिता आणि पुत्र! पित्याचेही नाव आद्याक्षरांनीच छापले असते, तर एकाच व्यक्तीची ही दोन कामे, असा समज सहज झाला असता. पुढे दामोदर कोसंबींनी काही गणिती निबंध 'एस. ड्यूक्रे' या टोपणनावाने प्रसिद्ध केले. त्यांच्या गणिती लेखनाची सूची करणाऱ्यास ते नाव ठाऊक असावेच लागते.

यावरून अध्यापकांनी व नवलेखकांनी घ्यावयाचा बोध साधा आहे. पहिला निबंध छापण्यास देतानाच आपले नाव ठरवावे. आडनाव कुलकर्णी, जोशी, देशपांडे यांसारखे सार्वत्रिक असल्यास स्वतःचे व वडिलांचे नाव पूर्ण लिहावे. रोमन वर्णरचना एकदा निश्चित करून ती बदलू नये. तत्पूर्वी त्याच नावाचा अन्य लेखक आहे काय, हे ग्रंथसूचीत पाहावे. २०१२ पासून संशोधकांना 'ऑर्किड' हा सोळा स्थानांचा स्वतंत्र क्रमांक मिळू लागला आहे; तो अवश्य घ्यावा. तथापि वाचक क्रमांक लक्षात ठेवीत नाही, नाव लक्षात ठेवतो. म्हणून ते निवडण्याची काळजी लेखकाने स्वतःच वाहिली पाहिजे.