जखम तेवढीच, पट्टी फिरली: मोजमापाची एक छोटी गोष्ट

काही वर्षांपूर्वी मधुमेहाचे एक काका नगरला माझ्याकडे पायाच्या ड्रेसिंगसाठी येत. जखम लांबट होती आणि पायावर तिरकी. पहिल्या दिवशी सिस्टरने पट्टी पायाच्या सरळ रेषेत धरली आणि फाइलमध्ये लिहिले, ३.६ बाय ३.६ सेंमी. दोन आठवड्यांनी दुसऱ्या सिस्टरने पट्टी जखमेच्या दिशेने तिरकी धरली. नोंद झाली ५ बाय १. गुणाकार केला तर १३ वरून थेट ५!

काका खूश. "डॉक्टर, निम्म्याहून जास्त भरली की!" फाइल बघून क्षणभर मलाही तसेच वाटले. मग पाय पाहिला. जखम होती तेवढीच होती, फिरली होती ती पट्टी. अशा लंबगोल जखमेचे खरे क्षेत्रफळ जवळपास ४ चौरस सेंमी भरते, म्हणजे दोन्ही आकडे चुकीचेच.

मग खरे माप कसे काढायचे?

जुनी पद्धत साधी होती. जखमेवर स्वच्छ पारदर्शक कागद ठेवायचा, कडा गिरवायची आणि आलेखाच्या कागदावर चौकोन मोजायचे. माप चांगले येई, पण वेळ फार जाई.

हे काम संगणकाकडे देणाऱ्यांमध्ये एक नाव महत्त्वाचे आहे, वेन रासबँड. अमेरिकेत बेथेस्डा येथे नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ ही सरकारी आरोग्य संशोधन संस्था आहे. तिथे काम करताना त्यांनी १९८७ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी 'एनआयएच इमेज' हा प्रोग्राम तयार केला. तो फक्त मॅकवर चाले. म्हणून १९९७ मध्ये जावा भाषेत 'इमेज-जे' आला, जो कोणत्याही साध्या संगणकावर चालतो. सरकारी पैशातून तयार झालेला हा प्रोग्राम सर्वांना मोफत आहे. पेशी मोजण्यापासून जखमेच्या क्षेत्रफळापर्यंत अनेक कामांसाठी जगभरचे संशोधक तो वापरतात.

फोटो फिरवायचा की चौकट?

संगणकात जखमेच्या कडेने रेघ ओढली की त्या भागाला 'सिलेक्शन' म्हणतात. क्षेत्रफळ त्यावरून लगेच मिळते. पण सर्वांत जास्त लांबी कोणत्या दिशेला आहे, हे कळण्यासाठी काहीतरी फिरवावे लागते.

फोटोच थोडा तिरका फिरवला तर संगणकाला त्याचे ठिपके, म्हणजे पिक्सेल, नव्याने बसवावे लागतात. शेजारच्या ठिपक्यांवरून तो नवे रंग अंदाजाने भरतो. म्हणजे मूळ पुराव्यातच थोडा बदल होतो. सिलेक्शन फिरवले तर फोटोला धक्का लागत नाही, फिरते ती फक्त रेघ.

आता ही रेघ ५ अंशांनी फिरवा, रुंदी लिहून घ्या, पुन्हा ५ अंश फिरवा. १८० अंशांसाठी हे ३६ वेळा करावे लागेल. हाताने केले तर विसाव्या वेळी कंटाळा येणार आणि चूक होणार. इथे 'मॅक्रो' कामाला येतो. मॅक्रो म्हणजे संगणकाला लिहून दिलेला कामाचा क्रम. तुम्ही एकदा केलेल्या कृती नोंदवून त्याचा मॅक्रो बनवण्याची सोयही इमेज-जेमध्ये आहे. आज केलेले ३६ टप्पे पुढच्या महिन्यातही तसेच होतात, मग सिस्टर कोणीही असो. ३६ आकड्यांतला सर्वांत मोठा आकडा ही जखमेची लांबी.

तुम्हाला याचा काय उपयोग?

हे सॉफ्टवेअर संशोधनासाठी आहे. घरी बसून त्यावर निदान करू नका. पण त्यामागची शिस्त घरीही पाळता येते.

- फोटो काढताना जखमेशेजारी, तिला न टेकवता, एक छोटी पट्टी ठेवा.
- मोबाईल दर वेळी समोरून, तेवढ्याच अंतरावर आणि शक्यतो तशाच उजेडात धरा.
- फोटोवर कोणतेही फिल्टर वापरू नका.
- तपासणीला येताना जुने फोटो आणि फाइल सोबत आणा.

आणि एक लक्षात ठेवा. जखमेची खोली फोटोत दिसत नाही. वास, पू, ताप, काळपट कडा किंवा वाढती सूज असेल तर आकडा कितीही कमी झालेला असो, त्याच दिवशी डॉक्टरांना पाय दाखवा.

त्या काकांची जखम पुढे भरली, पण वेळ लागला. त्या दिवशी फक्त फाइलवर विसंबून ड्रेसिंग लांबणीवर टाकले असते, तर काय झाले असते याचा विचार आजही येतो. तेव्हापासून आमच्याकडे फाइलमध्ये आकड्याशेजारी पट्टी कोणत्या दिशेने धरली, त्याचा छोटा बाणही काढतात.