तान्ह्या बाळाला दुखते का?

कामशेत स्टेशनावर पुण्याच्या लोकलची वाट पाहणाऱ्या गर्दीत कधी तरी एक जोडपे दिसते. आईच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेले दोन-तीन महिन्यांचे बाळ, बापाच्या हातात फायलींची पिशवी आणि एक्स-रेचा मोठा लिफाफा. पवन मावळातल्या किंवा नाणे मावळातल्या एखाद्या वाडीतून ती दोघे इथवर आलेली असतात. बाळाच्या हृदयात दोष आहे, ऑपरेशन करावे लागेल, असे त्यांना सांगितलेले असते. कार्ल्याच्या एकवीरेला नवस बोलून झालेला असतो आणि पुण्याच्या डॉक्टरांची तारीखही घेतलेली असते. या दोन गोष्टींत त्यांना विरोध वाटत नाही. आम्हालाही तो दाखवत बसण्याचे कारण दिसत नाही.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. वाचेल ना? खर्च किती येईल? आईच्या मनात मात्र आणखी एक प्रश्न असतो, आणि तो विचारायला ती बहुधा संकोचते: त्याला दुखेल का हो?

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. त्याला वैद्यकशास्त्राने ठामपणे ‘हो’ म्हटले, त्याला जेमतेम चाळीस वर्षे झाली आहेत.

सुरुवात खरे तर बरी झाली होती. 1847 मध्ये एडिंबरोच्या सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणला. लंडनच्या जॉन स्नो यांनी तो काही आठवड्यांच्या, दुभंगलेल्या ओठाच्या बाळांनाही शस्त्रक्रियेच्या वेळी दिला. (पटकीचे मूळ पाण्याच्या पंपात शोधणारे, पाठ्यपुस्तकातले स्नो ते हेच.) पण पुढे विसाव्या शतकात मत फिरले. नवजात बाळाचा मेंदू अपुरा, त्याच्या मज्जातंतूंवर मायेलिनचे आवरण पुरते चढलेले नाही, तेव्हा त्याला वेदना कळत नाहीत. रडणे ही केवळ प्रतिक्षिप्त क्रिया, असा समज रूढ झाला. 1941 मध्ये न्यूयॉर्कच्या मर्टल मॅक्ग्रॉ यांनी बाळांना टाचणी टोचून नोंदी प्रसिद्ध केल्या. पहिल्या काही दिवसांत काही बाळांनी फारसा प्रतिसाद दिला नव्हता. तेवढ्यावरून बराच मोठा निष्कर्ष काढला गेला.

दुसरे कारण भीतीचे होते, आणि ते समजून घेतले पाहिजे. दीड किलोच्या जिवाला भूल थोडी जास्त झाली तर रक्तदाब कोसळतो, श्वास थांबतो. दुखले तरी चालेल पण बाळ वाचले पाहिजे, हा विचार क्रूरपणाचा नव्हता. त्यातच 1942 पासून शस्त्रक्रियेत क्युरारे आले. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणांना लावत ते हे विष. ते मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर काम करते. स्नायू लुळे पडतात, रुग्ण हलत नाही, पण संवेदना वाहून नेणाऱ्या तंतूंना त्याचा स्पर्शही होत नाही. मोठ्या माणसाला क्युरारेबरोबर भूलही देत. अगदी लहान बाळांच्या बाबतीत अनेक ठिकाणी क्युरारेसारखे औषध आणि थोडासा नायट्रस ऑक्साइड एवढ्यावरच काम भागवले जाई. कधी तर नुसतेच स्नायू लुळे केले जात. बाळ निश्चल पडून राही. बाहेर बसलेल्या आई-वडिलांना वाटे, ते झोपले आहे.

1985 मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन इथे जेफ्री लॉसन या अपुऱ्या दिवसांच्या बाळावर अशी शस्त्रक्रिया झाली. गर्भात असताना बाळाची फुप्फुसे काम करत नसतात, म्हणून फुप्फुस धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी एक आखूड नळी असते. जन्मानंतर ती मिटते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ती पुष्कळदा उघडी राहते आणि फुप्फुसांवर रक्ताचा भार पडतो. छाती उघडून ही नळी बांधण्याचे काम बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी 1938 मध्ये सात वर्षांच्या एका मुलीवर प्रथम यशस्वी केले होते. जेफ्रीवरही तेच झाले, पण त्याला फक्त स्नायू लुळे करणारे औषध दिले होते. काही आठवड्यांनी तो गेला. आईने, जिल लॉसन यांनी, नंतर कागदपत्रे वाचली, तेव्हा त्यांना हे कळले. त्यांनी विचारणा केली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना वेदना होतात हे सिद्ध झालेले नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. त्या गप्प बसल्या नाहीत. त्यांनी पत्रे लिहिली, आणि 1986 मध्ये हा विषय वर्तमानपत्रांत आला.

ज्या सिद्धतेची मागणी होती, ती याच सुमारास इंग्लंडमध्ये तयार होत होती, आणि ती करणारा तरुण आपल्याकडचा, इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेला होता. कंवलजीत आनंद ऑक्सफर्डला नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काम करत. शस्त्रक्रियेला जाताना बरी असलेली बाळे परत येताना पांढरीफटक पडलेली, नाडी आणि रक्तदाब अस्थिर झालेली असत. असे का, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा बाळे घेतली. सगळ्यांची शस्त्रक्रिया एकच, तीच नळी बांधण्याची. आठांना नेहमीची पद्धत, आठांना त्याशिवाय फेंटानिल हे जोरदार वेदनाशामक. कोणाला काय, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवलेले. मग रक्त तपासले. फेंटानिल न मिळालेल्या बाळांत ॲड्रेनॅलिनसारखी ताणाची संप्रेरके आणि रक्तातली साखर कितीतरी जास्त वाढली, आणि नंतरची गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त झाली. म्हणजे ज्या वेदनाशामकाला डॉक्टर भीत होते, तेच बाळांना तगवत होते. हा निबंध 1987 च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नवजात बाळांनाही भूल व वेदनाशमन मिळाले पाहिजे असे जाहीर केले.

मायेलिनच्या मुद्द्याचे काय झाले? वर्गात सांगण्यासारखे आहे. मोठ्यांतसुद्धा वेदनेचे पुष्कळसे संदेश मायेलिन नसलेल्या तंतूंतूनच जातात. मायेलिन नसले तर संदेश सावकाश जातो एवढेच. आणि बाळाच्या अंगात त्याला जायचे अंतर तरी किती असते! ‘त्याला थोडेच आठवणार आहे’ हेही टिकले नाही. 1997 मध्ये टोरांटोच्या ॲना टॅडिओ यांनी दाखवले, की जन्मल्यावर भुलीशिवाय सुंता झालेली मुलगे चार-सहा महिन्यांनी लस टोचताना इतरांपेक्षा जास्त रडतात.

आई-वडिलांच्या वाट्याला आलेला इतिहासही असाच उलटसुलट आहे. ब्रिटनमध्ये एके काळी अनेक रुग्णालये पालकांना आठवड्यातून एक-दोनदाच भेटू देत. आई आली की मूल रडते, हे कारण. 1959 च्या प्लॅट समितीने पालकांना मुलाजवळ राहू द्या म्हटले. आमच्याकडच्या सरकारी वॉर्डात मात्र परिचारिका कमी म्हणून आई कायम खाटेशेजारी जमिनीवर चटई टाकून असे. गरजेपोटी घडलेली ही सोय पुढे शास्त्रीय ठरली: आईच्या उघड्या छातीशी बिलगलेल्या किंवा दूध पीत असलेल्या बाळाला टाचेतून रक्त काढताना कमी दुखते, हे प्रयोगांनी दिसले आहे. अर्थात हे टोचण्यापुरते. छातीवरच्या टाक्यांना औषधच हवे.

मावळातल्या आमच्या जोडप्याला सगळ्यात कठीण जाते ती ऑपरेशनच्या आधीची उपाशी वेळ. भूक लागलेले बाळ पदराशी झोंबते आणि पाजायचे नसते. पोटात दूध असेल तर भुलीत ते उलटून श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, हे कोणी मराठीत नीट सांगितले तर आई ते निभावते. न सांगितल्यास ती एक तर चोरून पाजते किंवा भीतीने आदल्या रात्रीपासूनच पाजत नाही, आणि तान्ह्याची साखर उतरते. आईच्या दुधाला साधारण चार तास, वरच्या दुधाला सहा तास पुरतात.

शिक्षकांचा संबंध इथेही येतो. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुले तपासतात, आणि हृदयदोषासारखे आजार आढळल्यास उपचार मोफत होतात. पथकाने दिलेली चिठ्ठी घेऊन पालक बहुधा पहिल्यांदा बाईंकडे किंवा गुरुजींकडेच येतात, वाचून दाखवा म्हणून.

ऑपरेशननंतर परिचारिका आज ठरावीक वेळाने बाळाच्या वेदनेला गुण देते. कपाळावर आठी आहे का, डोळे घट्ट मिटलेत का, नाकापासून ओठापर्यंतची घडी खोल झाली आहे का, हे पाहून आकडा तक्त्यात भरते. आकडा वाढला की औषध वाढते. पण मध्येच ती आईकडे वळून विचारते, “रोज असाच रडतो का हो हा?” आणि आई सांगते, “नाही, हे रडणं वेगळं आहे.”