तळटीप : गावच्या मूर्तींची नोंद

* असोदा (ता. जळगाव) हे बहिणाबाई चौधरींचे जन्मगाव. इथल्या देवळांतील जुन्या मूर्तींचे फोटो आणि मापे लिहून ठेवावीत, हा लेखकाचा आग्रह नुसत्या हौसेपोटी नाही. समर्थ रामदासांच्या जन्मगावी, जांब समर्थ (जि. जालना) येथे, ऑगस्ट २०२२मध्ये राममंदिरातील प्राचीन मूर्ती चोरीला गेल्या, पोलिसांनी त्या ऑक्टोबरात परत मिळवल्या. दिवेआगरचे (जि. रायगड) दैव असे नव्हते. तिथला सुवर्णगणेश मार्च २०१२मध्ये दोन पहारेकऱ्यांचा खून करून पळवला गेला. चोर पकडले गेले, पण हाती लागले ते वितळवलेले सोने. धातू वितळला की घडण कायमची जाते. दगडी मूर्ती निदान ओळखू येते, मात्र ती आपलीच हे सिद्ध करायला जुना फोटो लागतो. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुन्या दगडी व धातूच्या शिल्पांची नोंदणी करावी लागते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. नोंदणीच्या अर्जाला वस्तूचे फोटो जोडावे लागतात. देवस्थानांनी निदान एवढे काम अंगावर घ्यावे, असे आम्हाला कळकळीने वाटते. — संपादक