ऐवज आणि ऐवजी

चोरीची बातमी आली की वर्तमानपत्रात ‘ऐवज’ हमखास भेटतो: सोन्याच्या दागिन्यांसह इतक्या लाखांचा ऐवज लंपास. एरवीच्या बोलण्यातून हा शब्द जवळजवळ गेला. त्याचा सख्खा भाऊ ‘ऐवजी’ मात्र रोज तोंडी असतो. चहाऐवजी कॉफी, माझ्याऐवजी तू जा. दोघांचे मूळ एकच, अरबी ‘इवज’. अर्थ मोबदला, बदली. फारसीच्या वाटेने तो दरबारी मराठीत आला. देण्याच्या बदल्यात जे धन उभे करायचे तो ऐवज, आणि कुणाच्या जागी उभे राहायचे ते ऐवजी.

हा शब्द मला एका छंदामुळे जवळचा झाला. भारतीय क्रिकेटच्या पहिल्या पिढ्यांच्या खुणा मी जमवतो. सुरत-भुसावळ लोहमार्गावरच्या आमच्या चिंचपाड्यात बसून लिलावातल्या बॅटीवर बोली लावणे शक्य नसते. माझ्या वाट्याला येतात टपालाची तिकिटे, जुन्या मासिकांची पाने, कात्रणे, एखादे पुस्तक. या साऱ्याला मराठीत काय म्हणावे? स्मृतिचिन्ह म्हटले की व्यासपीठावर शालीबरोबर मिळणारी वस्तू दिसते. स्मरणिका म्हणजे संमेलनाची किंवा शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची. मला ‘ऐवज’ पटतो. माणूस गेला, त्याचा खेळ आपण पाहिला नाही. त्याच्या जागी हे पान उभे आहे. धन आणि बदली हे दोन्ही अर्थ तिथे एकत्र येतात.

बाजार यांतला पहिलाच अर्थ ओळखतो. अमेरिकेत बेसबॉलच्या आरंभकाळातला होनस वॅग्नर हा खेळाडू १९०९च्या सुमारास सिगारेटच्या पाकिटातून निघणाऱ्या छोट्या चित्रावर छापला गेला. तशा एका चित्राला २०२२ साली बहात्तर लाख डॉलरहून जास्त किंमत आली. तिथेही सामान्य संग्राहक त्या वाटेला जात नाही. तो पुनर्मुद्रित चित्रे, जुनी नियतकालिके, तिकिटे जमवतो.

अशा आद्य खेळाडूंना इंग्रजीत ‘पायोनियर’ म्हणतात. जुन्या फ्रेंचमध्ये हा शब्द पायदळातल्या शिपायासाठी होता. पुढे जाऊन खणणारा, मागून येणाऱ्या सैन्याला वाट करून देणारा शिपाई. त्याच्या तळाशी ‘पाय’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, संस्कृत ‘पाद’चा सगोत्र. कचेरीतला ‘प्यून’ त्याच कुळातला. आणि आपला ‘पाईक’ हाही मुळात पायी चालणारा शिपाईच. वारकऱ्यांनी त्याला विठ्ठलाच्या सेवेत नेऊन मोठे केले. आद्य खेळाडूंना पाईक म्हणताना मला पालवणकर बाळू आठवतात.

१८७६ साली धारवाडला जन्मलेले बाळू चर्मकार कुटुंबातले. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात खेळपट्टी लोटणे, जाळी लावणे, सरावाला चेंडू टाकणे हे त्यांचे काम. पुढे हिंदूंच्या संघात त्यांना गोलंदाजी मिळाली, पण पुण्यात चहा मात्र मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघाकडून या डावखुऱ्या गोलंदाजाने ११४ बळी घेतले. पायोनियरचा तो मूळ अर्थ, खणून वाट करणारा, बाळूंना शब्दशः लागू पडतो. त्या वाटेने १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले.

विठ्ठल पालवणकरांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे मराठी आत्मचरित्र १९४८चे. बॅट-चेंडूपेक्षा अशा पुस्तकाला मी मोठा ऐवज मानतो. कारण त्यात खेळाडूचा स्वतःचा शब्द आहे. अशी पुस्तके रद्दीत निघतात. ‘रद्दी’सुद्धा अरबीच, ‘रद्द’ म्हणजे परत केलेले, नाकारलेले. नाकारलेल्या माणसांच्या कहाण्या नाकारलेल्या कागदांत सापडाव्यात, याचे मला वाईट वाटते. म्हणूनच ती पाने उचलून आणणे मला कर्तव्य वाटते.

टपालाचे तिकीट त्या मानाने सुखी. १९९६ साली टपाल खात्याने सी. के. नायडू, विनू मंकड, दि. ब. देवधर आणि विजय मर्चंट यांच्यावर प्रत्येकी दोन रुपयांची तिकिटे काढली. देवधर पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक. १९२६ साली इंग्लंडहून आलेल्या एमसीसीविरुद्ध त्यांनी १४८ धावा काढल्या. मराठीत ‘तिकीट’ रेल्वेचे, सामन्याचे आणि पाकिटावरचेही. या शब्दाच्या जुन्या फ्रेंच रूपाचा अर्थ चिकटवलेली चिठ्ठी, तेव्हा पाकिटावरचे तिकीट मूळ अर्थाला सर्वांत धरून आहे.

हा ऐवज राखायला पैशापेक्षा शिस्त लागते. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातल्या आम्लामुळे तो पिवळा पडून तुटतो. उन्हापासून दूर, आम्लरहित कागदात ठेवला तर टिकतो. लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी लावू नये. नवापूर तालुक्याच्या पावसाळ्यात ओल आणि कसर दोन्ही सांभाळावी लागतात. कात्रणावर वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख नसेल तर त्याचा अर्धा अर्थ हरवतो.

आणि ज्यांचे नावही उरले नाही, त्या आद्य खेळाडूंचे काय? त्यांचा ऐवज भाषेत आहे. ‘चेंडू’ कन्नडमध्येही चेंडूच. तिथे झेंडूच्या फुलालाही ‘चेंडु हूवु’ म्हणतात. विटीदांडूत मोजताना वकट, लेंड, मूंड, नाल म्हणतात. तेलुगूत एक ते चार मोजून पाहा: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. कुणीतरी, कधीतरी, दक्षिणेकडची मोजणी खेळातून मराठी मुलांना दिली. त्या खेळाडूंची ना तसबीर आहे ना तिकीट. त्यांचे आकडे मात्र पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या तोंडी राहिले.

आमच्या गावाचे नावही असेच. ‘चिंच’ संस्कृत चिञ्चेची, ‘पाडा’ पाटकाचा, म्हणजे वस्तीच्या भागाचा. ज्यांनी चिंचेपाशी पहिली घरे बांधली, त्यांचा दुसरा पुरावा माझ्याकडे नाही. या पट्ट्यात मराठीबरोबर मावची, भिलोरी, अहिराणी, गुजराती बोलल्या जातात आणि प्रत्येकीत खेळांचे, डावांचे, मोजणीचे आपले शब्द आहेत. ते जमवायला रुपयाही लागत नाही. म्हाताऱ्या माणसांपाशी बसावे, त्यांचा शब्द त्यांच्याच उच्चारात लिहावा, खेळ कसा खेळत ते विचारावे, शेजारी गाव आणि तारीख घालावी. जुन्या क्रिकेटपटूंच्या कात्रणांइतकीच काळजी त्या वहीची घ्यावी. कात्रण कुठे ना कुठे दुसरे मिळू शकते. न लिहिलेल्या शब्दाच्या जागी ठेवायला दुसरा ऐवज नसतो.