बंदुकीचा हिंसाचार आणि नगरसभेचे अधिकार

अमेरिकेत शस्त्रविषयक कायदे करण्याचा अधिकार प्रामुख्याने संघराज्य व राज्यांकडे आहे. बहुतेक राज्यांनी शहरांच्या स्वतंत्र शस्त्रनियमांवर बंदी किंवा मर्यादा घातली आहे. फ्लोरिडातील २०११ च्या कायद्याप्रमाणे असा नियम जाणूनबुजून करणाऱ्या लोकप्रतिनिधीस ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. गव्हर्नर त्याला पदावरूनही दूर करू शकतात. म्हणून महापौर व नगरसभेची खरी साधने उरतात ती तीन : अंदाजपत्रक, मनुष्यबळ आणि शहरातील जमीन.

सुमारे एक लाख वस्तीच्या रिचमंड (कॅलिफोर्निया) या शहरात २००७ मध्ये ४७ खून झाले. त्याच वर्षी शहराने पोलिसांपासून वेगळे ‘परिसर सुरक्षा कार्यालय’ स्थापन केले. गोळीबारात गुंतल्याचा दाट संशय असलेल्या मोजक्या तरुणांशी त्याचे कार्यकर्ते रोज संपर्क ठेवू लागले. यांपैकी अनेक कार्यकर्ते स्वतः तुरुंगवास भोगून आलेले होते. २०१० पासून या तरुणांना मार्गदर्शन आणि ठरलेली उद्दिष्टे गाठल्यास मासिक विद्यावेतन मिळू लागले. २०१४ मध्ये खुनांची संख्या ११ वर आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बंदुकीमुळे होणारे मृत्यू व रुग्णालयातील दाखले यांत ५५ टक्के घट या उपक्रमाशी निगडित आढळली. मात्र बंदुकीविना झालेल्या हिंसेत काहीशी वाढही दिसली.

फिलाडेल्फियात ओसाड भूखंडांवरील कचरा हटवून तेथे गवत व झाडे लावण्यात आली आणि बुटके लाकडी कुंपण घालण्यात आले. २०१८ मधील अभ्यासानुसार दारिद्र्यग्रस्त वस्त्यांत अशा भूखंडांभोवतीचा बंदुकीचा हिंसाचार सुमारे २९ टक्क्यांनी घटला.

तथापि असे यश टिकवावे लागते. ओकलंडमध्ये २०१२ च्या सुमारास ‘सीझफायर’ योजना नव्याने सुरू झाल्यानंतर काही वर्षांत खून जवळपास निम्म्यावर आले. पुढे योजना खिळखिळी झाली. महासाथीच्या काळात आकडा पुन्हा शंभराच्या पुढे गेला. शहराने मूळ पद्धतीपासून फारकत घेतल्याचे २०२४ च्या परीक्षणात नमूद झाले. महापौर बदलतात, अंदाजपत्रके आकसतात. अशा वेळी परिणामकारक ठरलेल्या योजनेची तरतूद वर्षानुवर्षे कायम राखणे, हीच स्थानिक लोकप्रतिनिधींची सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाची कामगिरी होय.