गुहागर : ग्रामदेवतेचा शिमगा

गुहागर हे रत्नागिरी जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण चिपळूणच्या पश्चिमेस सुमारे ४५ किमी. अंतरावर अरबी समुद्राच्या काठी वसले असून, उत्तरेस वाशिष्ठीच्या मुखाशी असलेली दाभोळची खाडी आणि दक्षिणेस शास्त्री नदीची जयगड खाडी यांच्या दरम्यान हा तालुका पसरलेला आहे. समुद्राला समांतर जाणारा एक लांबच लांब रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाड्यांच्या सावलीत घरे, अशी गावाची रचना असून पश्चिमेकडील वाड्या थेट पुळणीला, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूला, भिडतात. वरचापाट, खालचापाट, बाग ही वस्तीची नावे याच रस्त्याच्या क्रमाने येतात. गावाची ही लांबट ठेवण ध्यानात घेतल्याखेरीज येथील शिमग्याचे स्वरूप नीट उमगत नाही.

व्याडेश्वर, दुर्गादेवी, व्याघ्रांबरी आणि उफराटा गणपती ही गावातील देवस्थाने प्रसिद्ध आहेत. व्याडेश्वर हे अनेक चित्पावन घराण्यांचे कुलदैवत असून त्याचे देवालय पंचायतन पद्धतीचे, म्हणजे मध्ये मुख्य देव व चार कोपऱ्यांना चार देवता अशा मांडणीचे आहे. गावावर चालून आलेला समुद्र मागे हटावा म्हणून पूर्वाभिमुख गणपतीने आपले तोंड पश्चिमेकडे फिरवले, अशी उफराट्या गणपतीची आख्यायिका आहे. तालुक्यातील अंजनवेलचा गोपाळगड, हेदवीचा दशभुज गणपती व वेळणेश्वर ही स्थळेही प्रवाशांच्या परिचयाची आहेत. मात्र प्रवासवर्णनांत किनारा आणि देवळे यांचेच वर्णन येते. कोकणच्या या भागातील माणसाचे वर्ष ज्या उत्सवाभोवती फिरते त्या शिमग्याला तेथे दोन ओळीही मिळत नाहीत, ही उणीव मोठी आहे.

शिमगा म्हणजे होळीचा सण. पण कोकणात तो एका रात्रीचा नसून फाल्गुन शुद्ध पंचमीपासून, म्हणजे फाकपंचमीपासून, पौर्णिमेपर्यंत आणि कित्येक गावांत त्यानंतरही बरेच दिवस चालतो. ‘फाक’ किंवा ‘फाका’ म्हणजे होळीभोवती मोठ्याने, एका सुरात दिलेली आरोळी. आंबा मोहरून फळ धरू लागलेले असते, भातखाचरे मोकळी असतात आणि किनाऱ्यावर ऊन तापू लागलेले असते. शेतकऱ्याला सवड मिळण्याचा हाच काळ, आणि मुंबई-पुण्यात नोकरी करणारा चाकरमानी गणपतीखालोखाल याच सणाला गावी येतो. होमाच्या वेळी, म्हणजे गवत व लाकडे रचून केलेली होळी पेटवली जाते तेव्हा, नवविवाहित जोडपी तिच्याभोवती प्रदक्षिणा घालून आगीत नारळ अर्पण करतात.

उत्सवाचा गाभा म्हणजे ग्रामदेवतेची पालखी. देवतेचे धातूचे मुखवटे, ज्यांना ‘रुपे’ म्हणतात, पालखीत बसवून वस्त्रे व फुलांनी सजवले जातात. या विधीला ‘रुपे लावणे’ म्हणतात. मानकऱ्यांच्या, म्हणजे परंपरेने मान असलेल्या घराण्यांतील पुरुषांच्या, उपस्थितीत पालखी देवळाबाहेर पडते, सहाणेवर, म्हणजे तिच्यासाठी राखलेल्या दगडी चौथऱ्यावर, विसावते आणि नंतर घरोघर निघते. ढोलाच्या तालावर खांद्यांवरून खांद्यांवर जाणारी पालखी नाचवणे हे बळाचे नव्हे, तर तोल सांभाळण्याचे काम आहे. सारवलेल्या अंगणात रांगोळी घालून घरची मंडळी वाट पाहत असतात. सुवासिनी खण-नारळाने देवीची ओटी भरतात आणि जाणता गावकरी गाऱ्हाणे घालतो, म्हणजे घरातील आजार, लग्न, नोकरी, शेती या साऱ्यांची चिंता देवीपुढे मोठ्याने मांडतो, व प्रत्येक वाक्यानंतर जमलेले लोक ‘होय महाराजा’ म्हणून त्याला दुजोरा देतात. खाजगी दुःख असे चारचौघांत, देवीच्या साक्षीने बोलून दाखवण्याची ही रीत शिमग्यातील सर्वांत मोलाची गोष्ट होय.

गुहागर-चिपळूण पट्ट्यात पालखीच्या जोडीने ‘खेळे’ असतात. नमन-खेळे हा मृदंगाच्या साथीने गण, गवळण व सोंगे सादर करणारा लोकनाट्यप्रकार असून त्यातील संकासूर हे पात्र या तालुक्याची ओळख बनले आहे. काळा पायघोळ वेश, उंच निमुळती टोपी, लांब दाढी आणि कमरेला घुंगरू अशा रूपात तो धावत येतो तेव्हा मुले किंचाळून पळतात. पण त्याला केवळ विदूषक मानणे चुकीचे आहे, कारण लोक त्याच्या पाया पडतात आणि त्याला नवसही बोलतात. वेद पळवणाऱ्या व मत्स्यावतारी विष्णूच्या हातून मरण पावलेल्या शंखासुराशी त्याचे नाव जोडले जाते. मारला गेलेला असुर देवीच्या पालखीपुढे मानाने नाचतो, हे लोकमानसाचे औदार्य आहे.

शिमग्याचे वेगळेपण दुसऱ्या उत्सवांशेजारी ठेवून पाहिले की अधिक उठून दिसते. खाडीपलीकडचे दाभोळ १५०८ साली जाळणारे पोर्तुगीज या किनाऱ्याला परके नाहीत. त्यांच्या मायदेशीही उन्हाळ्यात, जून महिन्यात, शिमग्यासारखेच सामुदायिक उत्सव रस्त्यावर होतात : लिस्बनमध्ये १२ जूनची रात्र व १३ जूनचा दिवस संत अँथनीचा, तर पोर्तो शहरात २३ जूनची रात्र संत जॉनची असते. लिस्बनमध्ये १९३२ पासून निरनिराळ्या मोहल्ल्यांची गात-नाचत चालणारी पथके एकमेकांशी स्पर्धा करतात. गोव्यात हाच संत जॉन २४ जूनला ‘सांजांव’ म्हणून येतो. पावसाने भरलेल्या विहिरींत डोक्यावर ‘कोपेल’, म्हणजे फुला-पानांचे कडे, घालून तरुण उड्या घेतात आणि शिवोलीत सजवलेल्या होड्या निघतात. पालखीप्रमाणे संतांच्या मूर्ती या उत्सवांतही मिरवल्या जातात. पण मुख्य गर्दी रस्त्यावर आणि चौकात लोटते. गुहागरच्या बाजूला देवी रस्ता सोडून प्रत्येक अंगणात वळते, त्यामुळे लांबट वस्तीतील शेवटचे घरही उत्सवाच्या मध्यभागी येते.

शिमग्यासाठी आलेला चाकरमानी आपल्या घरी पालखी येऊन गेल्यावरच परतीची एसटी धरतो. सारी घरे पुरी झाली, की पालखी देवळात परतते, रुपे उतरवली जातात आणि पुढच्या फाल्गुनापर्यंत जपून ठेवली जातात.